उतारावरचे हिरवे झुडूप

सोमवारी सकाळी मुकादमीणबाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गमबूट त्यांनी बाहेर पायपुसण्याजवळ काढून ठेवले होते आणि चिमटीत एक पान धरले होते. चहाची खुडणी करणाऱ्या तेवीस बायांवर देखरेख ठेवणाऱ्या या बाई एरवी इकडे फिरकत नसत. काचेच्या इतक्या वस्तू एका खोलीत मांडून ठेवणे म्हणजे त्यांच्या मते संकटाला दिलेले आमंत्रण होते.

“डॉक्टरीणबाई, हे बघा जरा,” त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. “तुमच्या लेकरांना कावीळ झाली की काय?”

तिने हातातली पिपेट खाली ठेवली. डॉक्टरीणबाई हे नाव तिला खुडणीच्या बायांनी दिले होते. तिची डॉक्टरेट चहाच्या झुडपांवरची, त्यामुळे तापावर गोळी मागायला कुणी येत नसे. थट्टा करायला मात्र सगळ्या येत.

पान जून होते, फांदीच्या तळाकडचे. शिरांच्या मधला भाग पिवळा पडला होता आणि देठापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली एक हिरवी पाचर तेवढी उरली होती. ही पाचर ती बारा वर्षे पाहत आली होती. झाडाला मॅग्नेशियम मिळेनासे झाले की ते जुन्या पानांतले काढून नव्या पानांना देते, आणि जुने पान असे कडांकडून रिकामे होत जाते.

“कुठल्या झाडाचं?”

“नऊ नंबरच्या उतारावरचं. तुमच्या दोनशे रोपांतलं. खालून तिसरी ओळ.”

“एकाच रोपाला आहे?”

मुकादमीणबाईंनी आपल्या मोज्यांकडे पाहिले. “एकच आणलंय,” त्या म्हणाल्या.

नऊ नंबरचा उतार हे चहा संशोधन केंद्राचे जुने दुखणे होते. तिथली माती आंबट, वर्षानुवर्षांच्या पावसाने धुऊन निघालेली. कोरडे दिवस सुरू झाले की सगळा उतार पिवळा पडे. नियामक मंडळ दर दोन वर्षांनी तो उपटून टाकण्याचा विषय काढी आणि दर वेळी विषय पुढे ढकलला जाई, कारण त्या उतारावर एक झुडूप असे होते की जे कधीच पिवळे पडत नसे. बाहत्तर नंबरचे. ते हेरले होते तिच्या वडिलांनी. तेव्हा ते केंद्राच्या रोपवाटिकेचे प्रमुख होते.

ती हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. बाबा ती नेहमी एकाच वाक्याने सुरू करीत: “टाकी धुऊन उभा राहिलो, आणि बघतो तर काय!” मग सगळा उतार पिवळाधमक आणि मधोमध ही एकटी (झुडपाला बाबा ‘ती’च म्हणत) हिरवीगार कशी उभी होती, ऊन कसे तिच्यावर पडले होते, त्यांनी खिशातली सुतळी काढून तिला कशी गाठ मारली. पुढल्या वर्षी पुन्हा हिरवी. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि घरातल्या उंबऱ्यापासून मांजराच्या शेपटीपर्यंत सगळे मोजत फिरे, म्हणून बाबा तिला मोजपट्टी म्हणत. “मोजपट्टे, तू मोठी झालीस की हिच्यात काय आहे ते मोजून सांग,” ते म्हणाले होते. तिने तेच केले. आयुष्यात दुसरे काही केले नाही, असे वहिनी कधीकधी म्हणे, आणि त्यात टोमणा कमी आणि काळजी जास्त असे.

येत्या शुक्रवारी त्या झुडपाची नवे वाण म्हणून नोंदणी करण्याचा अर्ज मंडळाकडे जायचा होता. अर्जात एक रकाना होता: हे झुडूप प्रथम कोणी निवडले. त्यात बाबांचे नाव आणि सही. चार वर्षांपूर्वी झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. म्हणून गेले दोन महिने ते डाव्या हाताने, नातवाच्या जुन्या वहीत, सही गिरवीत होते.

मुकादमीणबाई गेल्यावर ती उतारावर गेली. दोनशे रोपे, बाहत्तर नंबरच्याच फांद्यांची कलमे करून वाढवलेली, लावून तीन वर्षे झालेली. ती ओळीओळीने वाकून खालची पाने उलटत गेली. पाचर उमटलेली रोपे तिने एकशे चाळीसपर्यंत मोजली. मग मोजणे थांबवले. आयुष्यात पहिल्यांदाच, हे तिच्या लक्षातही आले नाही.

परत आली तेव्हा थेंबेकाका यंत्रापाशी बसले होते. प्रयोगशाळेतले सर्वांत जुने सहायक. एका थेंबाचाही फरक पडू न देणारा हात, म्हणून हे नाव. खरे आडनाव आता पगारपत्रकालाच ठाऊक असावे.

“काका, गेल्या पाच वर्षांची मूळ आकड्यांची पानं काढा. वजाबाकी केलेली नकोत. यंत्रातून निघाली तशी.”

“सगळी?”

“सहा नंबरच्या जनुकाची तरी.”

चहाच्या झाडात मॅग्नेशियमची ने-आण करणाऱ्या जनुकांचे एक कुटुंब असते. तिने त्यातली अकरा भावंडे शोधून काढली होती. चेहरेपट्टी सगळ्यांची एक, कामे मात्र वेगवेगळी: कुणी मुळाच्या दाराशी, कुणी पानात, कुणी फक्त बी धरताना जागे होणारे. बायांना समजावताना ती सांगे, घरी अचानक दहा पाहुणे आले की अकरा भावंडांतले कोण उठून कामाला लागते ते मला पाहायचे आहे. “आमच्याकडं कुणीच उठत नाही,” एक बाई म्हणाली होती, आणि सगळ्या हसल्या होत्या. बाहत्तर नंबरमध्ये सहावे भावंड उठत होते. मॅग्नेशियम तोडले की साध्या रोपात ते जेमतेम हलत होते आणि बाहत्तरमध्ये पाचपटीने कामाला लागत होते. तिचा प्रबंध, तिचे दोन लेख, शुक्रवारचा अर्ज, सगळे त्या पाचपटीवर उभे होते.

पण ही पट कशाच्या तुलनेत? पानांचा कुठलाही नमुना दुसऱ्यासारखा नसतो. कधी रस जास्त निघतो, कधी कमी. म्हणून प्रत्येक नमुन्यात असे एक जनुक धरावे लागते, की जे सुखात आणि दुःखात सारखेच काम करते. त्याला संदर्भ जनुक म्हणतात. बाकी सगळ्यांच्या आकड्यांतून त्याचा आकडा वजा करून ताडून पाहायचे. या प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून एकच संदर्भ वापरला जात होता. तिच्या गुरूंनी तो वापरला, त्यांच्या गुरूंनी वापरला. घरातल्या थोरल्या माणसाची नाडी कुणी पाहत नाही, तशी त्याचीही कुणी पाहिली नव्हती.

थेंबेकाकांनी पाने काढली. दोघांनी ती टेबलावर ओळीने मांडली. यंत्र एका फेरीत माल दुप्पट करते. जितका माल मूळचा कमी, तितक्या जास्त फेऱ्यांनी तो दिसू लागतो. साध्या रोपात संदर्भ जनुक एकोणिसाव्या फेरीला दिसत होते, उपासाआधी, म्हणजे मॅग्नेशियम तोडण्याआधी, आणि उपासानंतरही. बाहत्तरमध्ये उपासाआधी एकोणीस. उपासानंतर एकवीस आणि वर थोडे.

पुढचे पान. एकवीस आणि थोडे. त्याच्या पुढचे. तेच.

सहा नंबर मात्र बाहत्तरच्या सगळ्या आकड्यांत आपल्या जागी होते. ते वर चढलेच नव्हते. ज्याच्या खांद्याला खांदा लावून त्याची उंची मोजली, तोच खाली बसला होता.

थेंबेकाकांनी चष्मा काढून पुसला. “बाई, मी तेव्हा म्हणालो होतो. हा गडी उपासात उशिरा येतोय म्हणून.”

“म्हणाला होतात.”

“तुम्ही म्हणालात, वजाबाकीत निघून जाईल.”

“हो.”

“मी काही तुम्हाला दोष देत नाही हां,” ते घाईघाईने म्हणाले. “माझं काय, मी थेंब टाकणारा माणूस.”

फ्रीझरमध्ये त्या प्रयोगासाठी खुडलेली पाने अजून होती. मंगळवारी दिवसभर दोघांनी दोन नवे संदर्भ घेऊन सगळे पुन्हा केले. संध्याकाळी पडद्यावर रेषा उमटल्या. बाहत्तर नंबरमध्ये अकरातले एकही भावंड उठले नव्हते. साध्या रोपात सहावे थोडे तरी हलले होते. ज्याला ती पाच वर्षे झाडाची झुंज समजत होती, ती त्याची पडझड होती. उपास बाहत्तरला इतरांपेक्षा जास्तच लागत होता. एकवीस दिवसांचा प्रयोग, पान पिवळे पडायच्या आत खुडलेले, म्हणून डोळ्यांना ते कधी दिसले नाही.

“मग ते मूळ झुडूप हिरवं कसं?” थेंबेकाका म्हणाले. “ते तर आपण डोळ्यांनी बघतोय ना? पंचवीस वर्षं?”

याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. आणि उत्तर नव्हते तोवर थोडी आशा होती. कदाचित दुसरेच एखादे कुटुंब असेल, मुळाचे काही असेल, मोठ्या वयात जागे होणारे काही असेल. बुधवारी दुपारी ती याच आशेच्या बळावर बाबांकडे गेली.

बाबा तिच्या थोरल्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहत. खिडकीपाशी टेबल, टेबलावर वही, वहीखाली पुठ्ठा. ती आत आली तेव्हा ते जीभ दातांत धरून लिहीत होते.

“बघ,” त्यांनी वही पुढे सरकवली. झटक्यानंतर त्यांचे शब्द किंचित घसरत, पण कळत. “आता कुणाची तरी सही वाटते की नाही?”

“वाटते की.”

“डाव्या हाताला आडनाव जमतं, नाव जमत नाही. पहिल्याच अक्षराला घोडं अडतं.”

“वन्सं, यांना सांगा,” वहिनी चहाचे कप घेऊन आली. “पहाटे पाचला दिवा लावतात. म्हटलं, मंडळवाल्यांना अंगठा चालतो. तर मला म्हणतात, अंगठा तू लाव.”

“अंगठा लावायला मी काय गहाण पडलोय?” बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तिने कप हातात धरून ठेवला. “बाबा, बाहत्तर नंबर पहिल्यांदा दिसली त्या दिवसाचं सांगा ना पुन्हा.”

बाबांचा चेहरा उजळला. वहिनीने डोळे वर केले, पण दाराशी टेकून उभी राहिली.

“टाकी धुऊन उभा राहिलो,” बाबा म्हणाले, “आणि बघतो तर काय—”

“कुठली टाकी?”

ते थांबले. या हकीकतीत इथे आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. “कुठली म्हणजे? पाठीवरची. फवारणीची.”

“कसली फवारणी?”

“अगं, मॅग्नेशियमचं मीठ. वरच्या प्लॉटांना द्यायचो आम्ही, चार, पाच आणि सहाला. नऊला नाही. नऊ बिनफवारणीचा ठेवायचा असा वरून हुकूम होता, तुलनेसाठी. नऊला मी एक थेंब कधी दिला नाही, हवं तर शपथ घेतो.”

“मग टाकी नऊमध्ये कशी धुतलीत?”

“नळ तिथंच होता ना! नऊच्या मधोमध पाण्याची लाईन जायची, तिच्यावर एक नळ. वरून उतरलं की पहिला नळ तोच. टाकी तिथं खळखळून धुवायची, पाणी ओतायचं, पाठ मोकळी करायची आणि मग खाली यायचं.” ते पुन्हा रुळावर आले. “तर टाकी धुऊन उभा राहिलो—”

“रोज?”

“फवारणीच्या दिवसांत रोज. अशी किती वर्षं. पुढं रस्ता झाला तेव्हा नळ हलवला. मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी. का गं?”

तिला वाटले, आपण हे वाक्य शंभर वेळा ऐकले आहे. पोरवयात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, दादाच्या लग्नात मांडवामागे. हकीकत सुरू होतानाच उत्तर सांगत होती आणि आपण दर वेळी पुढचे ऐकायला कान टवकारून बसलो होतो.

“काही नाही,” ती म्हणाली. “नोंदीसाठी हवं होतं.”

“सगळं लिही,” बाबा म्हणाले. “नळाचंही लिही. असं बारीकसारीक असलं की माणसांना खरं वाटतं.”

गुरुवारी सकाळी ती आणि थेंबेकाका खुरपे आणि पिशव्या घेऊन उतारावर गेले. बाहत्तर नंबरच्या वरच्या अंगाला, गवतात, वीतभर लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला होता. तोंड चेपलेले, गंज चढलेला. जमिनीचा उतार तिथून सरळ झुडपाच्या बुंध्याकडे जात होता. त्या मातीची तपासणी यापूर्वी झाली नव्हती असे नाही. पण माती घ्यायची रीत ठरलेली होती: उतारावर आठ जागा निवडायच्या, आठही ठिकाणची माती एका बादलीत कालवायची आणि त्यातली मूठभर तपासायची. ही रीत तिला बाबांनीच शिकवली होती. एका जागेची माती खोटे बोलू शकते, आठ जागांची एकत्र केली की खरे बोलते, असे ते म्हणत.

या वेळी दोघांनी एकाच जागेची घेतली, झुडपाच्या बुंध्याजवळची. दुपारी बारापर्यंत आकडा आला. उतारावरच्या इतर मातीच्या सातपट मॅग्नेशियम अजून तिथे होते, नळ बंद होऊन आठ वर्षे झाल्यावरही.

निघताना तिने झुडपाच्या फांद्या बाजूला केल्या होत्या. नळापासून लांबच्या, खालच्या अंगाला, अगदी तळाशी, तीन पानांवर हिरवी पाचर उमटू लागली होती.

संचालक वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी जुना आणि नवा, दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मातीचा आकडा पाहिला आणि मान खिडकीकडे वळवली. खिडकीतून पाचव्या प्लॉटवर खुडणी चाललेली दिसत होती.

“अजून कोणाला माहीत आहे?”

“थेंबेकाकांना.”

“ते बोलणार नाहीत.” मग त्यांनी स्वतःच मान हलवली. “मी काय बोलतोय ते मला कळतंय. तरी बोलून घेतो. अर्ज उद्या गेला तर उतार वाचतो. नाही गेला तर या वेळी मंडळ ऐकणार नाही. उतार जाईल, त्याच्याबरोबर तुमचा विभाग जाईल, कारण तुमच्या विभागाला दुसरं काम नाही. खाली दहा-बारा बाया कमी होतील. आणि वाण मळेवाल्यांना दिलंच, तर ते पिवळं पडतंय हे लोकांच्या लक्षात यायला पाचेक वर्षं लागतील.”

“आणि मग?”

“मग मी निवृत्त झालेलो असेन,” ते म्हणाले, आणि आपल्याच विनोदाची त्यांना लाज वाटली.

“सर, लोक डोंगरच्या डोंगर उपटून हे लावतील. एकदा लावलं की चाळीस वर्षं.”

“हो.”

“आणि हे साध्यापेक्षा कमजोर आहे.”

“हो, हो. कळलं.” त्यांनी अर्जाची फाइल उचलली आणि टेबलावरून तिच्याकडे ढकलली. ढकलताना ती पूर्ण पोचली नाही. मध्येच थांबली, आणि उरलेले अंतर तिला हात लांब करून घ्यावे लागले. “तुमच्या वडिलांना काय सांगणार?”

तिने फाइल छातीशी धरली.

शुक्रवारी सकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. वहिनीने त्यांची दाढी केली होती. हनुवटीखाली एक बारीक काप होता आणि त्यावर कापसाचा बोळा. दादाने कामावर जाण्याआधी नवे पेन आणून ठेवले होते. पेनाचे टोपण काढलेले होते.

“आण,” बाबा म्हणाले. “सकाळपासून तीन वेळा बरोबर आलीय. चौथ्यांदा बिघडायच्या आत उरकू.”

ती त्यांच्यासमोर बसली. वाटेत तिने बरेच काही जुळवले होते: मंडळाने तारीख पुढे ढकलली, कागद अपुरे निघाले, पुढल्या महिन्यात पाहू. तशी पुढल्या महिन्यांची रांग लावता आली असती आणि बाबा एखाद्या पुढल्या महिन्याची वाट पाहत सुखाने गेले असते. पण त्यांनी डाव्या हातात पेन उचलून धरले होते.

तिने सांगितले. संदर्भ जनुकाचे सांगितले, सहाव्या भावंडाचे सांगितले, रोपांचे सांगितले. शेवटी नळाचे सांगितले. वहिनी दारात आली होती. तिने पदराचे टोक तोंडाशी नेले आणि ती आत निघून गेली.

“माती घेतली होतीस ना तू?” बाबांनी विचारले.

“आठ जागांची.”

“एका बादलीत.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. हिशेब चुकला नाही, रीतही चुकली नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग म्हणाले, “म्हणजे तिच्यात काहीच नव्हतं.”

“नाही बाबा.”

“साधी होती.”

“साधीच. थोडी कमजोर.”

“मीच घालत होतो.” ते खिडकीबाहेर पाहत होते, तिथे शेजाऱ्यांची भिंत आणि वाळत घातलेली एक चादर, एवढेच होते. “घालत होतो मीच, आणि मीच बघून चकित होत होतो.”

तिला काही बोलायचे होते. बाबा, चूक माझी आहे, मोजणारी मी होते. तुम्ही नुसते पाहिलेत. तुम्ही मला मोजायला सांगितलेत आणि मी चुकीच्या माणसाला खांब समजून मोजत बसले. पण हे बोलले असते तर त्यांनी तिची समजूत घातली असती, आणि ती घालून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही असे तिला वाटले.

“टोपण लाव त्याला,” बाबा पेनाकडे बोट करून म्हणाले. “शाई वाळते.”

तिने टोपण लावले.

नऊ नंबरचा उतार पुढच्या दोन महिन्यांत उपटला गेला. यंत्राने एका सकाळी सात ओळी निघत. बाहत्तर नंबर निघाले तेव्हा ती तिथे नव्हती. थेंबेकाका होते, आणि त्यांनी तिला फक्त एवढेच सांगितले की मुळे चांगली खोल होती. विभाग बंद झाला. थेंबेकाकांना भांडारात बसवले. तिथे ते बाटल्या मोजत. मुकादमीणबाईंच्या तेवीस बायांतल्या तेरा उरल्या. मुकादमीणबाई तिला वाटेत दिसल्या की थांबत, पण डॉक्टरीणबाई म्हणत नसत. “बाई” म्हणत, आणि गुडघ्यांचे बोलत. ते पान आपण आणलेच नसते तर, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असे.

तिने लेख मागे घेतले. दोन मासिकांत दोन छोट्या सूचना छापून आल्या, प्रत्येकी चार ओळींच्या. दूरच्या एका संशोधकाचे पत्र आले: तुमच्या सहाव्या जनुकावर आम्हीही तीन वर्षे काम केले, आम्हालाही पाचपट दिसली होती. संदर्भ तोच वापरला होता.

बाबांनी पुन्हा त्या झुडपाचा विषय काढला नाही. त्यांना राग आला असता तर बरे झाले असते. ते पूर्वीसारखेच तिला मोजपट्टी म्हणत, जेवलीस का विचारत, फक्त पहाटेचा दिवा आता लागत नसे. सहीच्या वहीची उरलेली पाने वहिनीने औषधांच्या वेळा लिहायला घेतली. सकाळची गोळी, दुपारची गोळी. पान उलटले की मागे बाबांचे आडनाव, वीस वेळा, उतरत्या ओळींत, दर वेळी थोडे सरळ होत गेलेले.

एका रविवारी ती गेली तेव्हा हाताचे व्यायाम करून घेणारी नवी बाई आली होती. तरुण, बोलकी. उजवा हात कोपरातून वाकवीत ती रोग्यांना बोलते ठेवी; बोलण्यात गुंतला की माणूस दुखणे विसरतो, हा तिचा अनुभव होता.

“काका, तुम्ही म्हणे मोठ्या चहा संशोधन केंद्रात होता? तिथली एखादी गोष्ट सांगा की. वहिनी म्हणाल्या, तुमची एक गोष्ट फार छान आहे.”

वहिनीने आतून काहीतरी खुणावले, पण उशीर झाला होता. लेक दारातच थांबली.

बाबांनी थोडा विचार केला. नव्या माणसाला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“टाकी धुऊन उभा राहिलो,” ते म्हणाले.

“मग?”

बाईने त्यांचा हात वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला.

“मग काही नाही,” बाबा म्हणाले. “घरी आलो.”